हे जुलाब गोळीचे की प्रतिकारशक्तीचे?

मूत्रपिंडाचा कर्करोग शरीरात पसरल्यावर दिल्या जाणाऱ्या औषधजोड्यांपैकी पेम्ब्रोलिझुमॅब आणि ॲक्सिटिनिब ही एक महत्त्वाची जोडी आहे. पेम्ब्रोलिझुमॅब ठरावीक आठवड्यांच्या अंतराने शिरेतून दिले जाते आणि प्रतिकारशक्तीला लागलेला लगाम सोडवते. ॲक्सिटिनिबची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची असून ती गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत एका वर्षानंतर या जोडीवरील सुमारे ९० टक्के रुग्ण हयात होते, तर सुनिटिनिब ही आधीपासून वापरात असलेली गोळी एकटीच घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के. मात्र जोडी घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना जुलाबही झाले.

हे जुलाब दोन्ही औषधांमुळे होऊ शकतात आणि सुरुवातीला ते सारखेच दिसतात, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत. ॲक्सिटिनिबची रक्तातील मात्रा काही तासांतच निम्मी होते, त्यामुळे गोळी थांबवली की जुलाब बहुधा दोन-तीन दिवसांत उतरू लागतात. पेम्ब्रोलिझुमॅबची मात्रा निम्मी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. शिवाय चेतवलेली प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्यावरच उलटली असेल, तर पुढचा डोस टाळून भागत नाही, स्टेरॉइड द्यावे लागते. पोटात मुरडा येणे, आव किंवा रक्त पडणे, ताप येणे ही लक्षणे या दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतात. जंतुसंसर्ग नाही ना, हे शौचाच्या तपासणीतून पाहावे लागते आणि प्रसंगी दुर्बिणीतून आतडे तपासावे लागते.

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक ओळखायला उशीर होणे मला विशेष काळजीचे वाटते. अशा अनेकांचे एक मूत्रपिंड आधीच काढलेले असते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते आणि तहान कमी लागते; अशा वेळी दोन दिवसांच्या जुलाबानेही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातील घटक) चढू शकते. घरातली लोपेरामाइडची, म्हणजे जुलाब थांबवणारी, गोळी स्वतःहून देत राहिल्यास आतड्याचा दाह झाकला जातो. उलट, कारण न तपासता स्टेरॉइड सुरू केले, तर साखर वाढते, झोप उडते, काही वृद्धांना भ्रम होतो, आणि ते एकदम बंदही करता येत नाही, आठवडे लावून उतरवावे लागते.

गोळी थांबवून पाहण्याची ही युक्ती प्रत्येक जोडीत इतकी झटपट उत्तर देत नाही. पेम्ब्रोलिझुमॅबसारख्याच निव्होलुमॅब या औषधाबरोबर दिल्या जाणाऱ्या कॅबोझँटिनिब या गोळीची मात्रा निम्मी व्हायलाच सुमारे चार दिवस लागतात, म्हणून तिथे केवळ वाट न पाहता तपासण्या लवकर कराव्या लागतात.