व्यायामपूर्व आहार व पूरके

व्यायामशाळेतील सरावाआधी ऊर्जा, पाणी किंवा उत्तेजन मिळावे म्हणून घेतले जाणारे अन्न, पेये व पूरक पदार्थ. बोलण्यात ‘प्री-वर्कआउट’ म्हटले, की बहुधा डब्यात मिळणारी मिश्र भुकटीच अभिप्रेत असते. प्रस्तुत नोंदीत सरावाआधीचे जेवण, पाणी आणि सुटी घेतली जाणारी पूरकेही धरली आहेत. इंधन आणि पूरक यांची गल्लत सर्रास होते व निवडीतल्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. ज्याच्या विघटनातून स्नायूला ऊर्जा मिळते ते इंधन : मुख्यतः कर्बोदके व मेद, थोड्या प्रमाणात प्रथिने. कॅफीन किंवा नायट्रेट यांतून अशी ऊर्जा मिळत नाही. त्यांचा परिणाम थकव्याच्या जाणिवेवर, रक्तप्रवाहावर किंवा स्नायूतील रासायनिक स्थितीवर होतो. क्रिएटीन मधल्या जागी आहे. ते स्वतः जळत नाही, पण ऊर्जेची भरपाई जलद करते.

स्नायूच्या इंधनाचा वाद : काम करताना स्नायू स्वतःचीच प्रथिने खर्च करतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख यांचे मत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रमाण मानले जाई. प्रथिनांतला नायट्रोजन त्यांच्या विघटनानंतर लघवीतून बाहेर पडतो; म्हणून ते मत खरे असेल, तर कष्टाच्या प्रमाणात लघवीतील नायट्रोजन वाढायला हवा. हे तपासण्यासाठी झुरिकमधील आडोल्फ फिक व योहानेस व्हिस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक ऑगस्ट १८६५ च्या अखेरीस पहाटेच ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरून निघून फाउलहॉर्न शिखर चढले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली होती. चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या आणि साखर घातलेला चहा यांवर मुख्यतः भागवले होते. रात्रीची, चढाईतली आणि नंतरची लघवी त्यांनी निरनिराळ्या बाटल्यांत साठवली व प्रत्येकीतला नायट्रोजन मोजला. खर्च झालेल्या प्रथिनांतून मिळू शकणारी ऊर्जा स्वतःचे शरीर १,९५६ मीटर वर नेण्याच्या कामालाही पुरत नव्हती. हृदयाचे व श्वसनाचे काम वेगळेच. पुढल्याच वर्षी एडवर्ड फ्रँकलंड यांनी अन्नघटकांची ज्वलनोष्णता (जळताना निघणारी उष्णता) प्रत्यक्ष मोजून या निष्कर्षाला बळकटी दिली. लीबिख यांनी १८७० मध्ये आपली बाजू पुन्हा मांडली. प्रयोग दोनच माणसांवर झाला होता आणि प्रथिनांच्या विघटनानंतर नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, या शंका रास्त होत्या. तरीही निष्कर्ष टिकला. ‘ताकद हवी म्हणून’ सरावाच्या तोंडावर प्रथिनांची भुकटी घेण्यात लीबिख यांचेच जुने मत डोकावते. प्रथिने स्नायूच्या बांधणीसाठी अत्यावश्यक आहेत, पण वजन उचलण्याच्या क्षणी ते स्नायूचे मुख्य इंधन नव्हे.

खरा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात व स्नायूंत साठवल्या जाणाऱ्या कर्बोदकाचा. क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये तो यकृतातून वेगळा केला. त्याच वर्षी व्हिक्टर हेन्सेन यांनीही तो स्वतंत्रपणे मिळवला होता. पण यकृतात साखर निर्माण होते हे बर्नार १८४८ पासून मांडत आल्याने शोधाचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते व ते योग्य वाटते. माणसाच्या स्नायूतील ग्लायकोजेन थेट मोजता यायला मात्र शंभर वर्षे जावी लागली. योनास बेर्गस्ट्रम यांनी सुईने स्नायूचा बारीक तुकडा काढण्याची रीत रूढ केली, आणि १९६६ मध्ये ते व एरिक हुल्टमन स्वतःच प्रयोगाला बसले. एकच सायकलयंत्र, त्याच्या दोन बाजूंना दोघे, आणि प्रत्येकाने पेडल मारायचे ते एकाच पायाने, पाय पार गळून जाईपर्यंत. दुसरा पाय स्वस्थ. नंतर तीन दिवस दोघांनी कर्बोदकप्रधान आहार घेतला. दमलेल्या पायातला साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. माणूस तोच, जेवण तेच, रक्तही तेच. फरक फक्त आधीच्या कामाचा.

या प्रयोगाचा सरावाआधीच्या आहाराशी निकटचा संबंध आहे. सरावाच्या वेळी स्नायू जे जाळतो ते मुख्यतः आदल्या एक-दोन दिवसांत साठवलेले असते. अर्ध्या तासापूर्वी खाल्लेल्या घासाचा त्यातला वाटा थोडाच. प्रौढ माणसाच्या स्नायूंत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते, व प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. वजनांच्या एका नेहमीच्या सरावात काम करणाऱ्या स्नायूतला साधारण २५ ते ४० टक्के साठा खर्च होतो. म्हणजे चांगले जेवणाऱ्याची टाकी एका सरावात रिकामी होत नाही.

सरावाआधीची साखर : सर्वांत जास्त मतभेद याच मुद्द्यावर झाले आहेत. १९७९ मध्ये फॉस्टर, कॉस्टिल व फिंक यांनी सायकल चालवण्याच्या अर्धा तास आधी ७५ ग्रॅम ग्लुकोज दिले, तेव्हा तीव्र कामात दमछाक होईपर्यंतचा वेळ सुमारे १९ टक्क्यांनी घटला. स्पष्टीकरण पटण्याजोगे होते : साखरेमुळे इन्शुलिन वाढते, त्याच वेळी आकुंचन पावणारे स्नायूही रक्तातली साखर ओढू लागतात, मेदाचे विघटन दबते आणि रक्तशर्करा एकाएकी खाली येते. ‘व्यायामाआधी तासभर गोड वर्ज्य’ हा नियम या अभ्यासाच्या आधारे जिमपर्यंत पोहोचला. पुढच्या बहुतेक अभ्यासांत मात्र रक्तशर्करेची घसरण दिसली, कामगिरीतली घट दिसली नाही. घसरण सहसा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतली असते व काम चालू ठेवल्यावर ती आपोआप सावरते. प्रस्तुत लेखकाला हा दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो. काही जणांना त्या वेळी थरथर, घाम, डोके हलके होणे असा त्रास खरोखर होतो. त्यांनी गोड पदार्थ सरावाच्या पाच-दहा मिनिटे आधी किंवा सराव सुरू झाल्यावर घ्यावा. इन्शुलिन चढायला तेव्हा वेळच मिळत नाही.

जेवण : दीर्घ व तीव्र कामाआधी १ ते ४ तास, शरीराच्या दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके, अशी क्रीडापोषणातील रूढ शिफारस आहे. वेळ जितका कमी, तितकी मात्रा कमी. ही शिफारस प्रामुख्याने धावणे व सायकलिंगवरून आली आहे, हे जिमला जाणाऱ्याने ध्यानात घ्यावे. वजनांच्या सरावाचा वेगळा आढावा २०२२ मध्ये हेन्सेल्मन्स व सहकाऱ्यांनी घेतला. पोटात काही असेल आणि एका स्नायूगटाचे दहापर्यंत सेट होणार असतील, तर जास्तीच्या कर्बोदकांनी फारसा फरक पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उपाशीपोटी, दिवसातून दोनदा किंवा त्याहून बरेच लांब सराव असतील तर गोष्ट निराळी.

न्याहारी चुकवल्यावर स्क्वॉटच्या आवृत्त्या कमी होतात, हे नहारुद्दीन व सहकाऱ्यांनी दाखवले होते. पुढे, २०२० मध्ये, त्यांनी त्याच माणसांना निरनिराळ्या दिवशी एकदा खरी कर्बोदकयुक्त न्याहारी, एकदा तशीच दाट पण जवळजवळ ऊर्जाहीन लापशीसारखी न्याहारी आणि एकदा नुसते पाणी दिले. पहिल्या दोन्ही न्याहाऱ्यांनंतर कामगिरी सारखीच सुधारली. सवयीची न्याहारी सुटल्याने जी मरगळ येते तिच्यात भुकेचा वाटा मोठा असावा, असे यावरून मानायला जागा आहे. तंतुमय व तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात. ते सरावाच्या जवळ टाळावेत.

प्रथिनांची वेळ हा विषय जितका चर्चिला जातो तितका महत्त्वाचा नाही. शोनफेल्ड व ॲरॅगन यांच्या २०१३ च्या संकलित विश्लेषणात दिवसभराची एकूण प्रथिने सारखी धरताच ‘सरावाला लागून की लांब’ हा भेद पुसला गेला. दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत स्नायुवाढीला फायदा दिसतो. पाणी सरावाच्या २ ते ४ तास आधी दर किलोमागे ५ ते १० मिलि. पुरे.

पूरके : आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरीसाठी पुरेसा आधार असलेली पाचच पूरके गणली आहेत : कॅफीन, क्रिएटीन, नायट्रेट, बीटा-ॲलानीन (एक ॲमिनो आम्ल) व सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा). यांपैकी सरावाच्या ‘आधी’ घेण्याला खरा अर्थ आहे तो कॅफीन, नायट्रेट व बायकार्बोनेट या तिघांबाबतच.

क्रिएटीन शेव्हरल यांनी १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून मिळवले. शिकारीत धावून मेलेल्या कोल्ह्यांच्या मांसात ते पाळीव कोल्ह्यांच्या सुमारे दसपट असल्याची लीबिख यांची नोंद १८४७ ची. स्नायूतील त्याचे फॉस्फेटयुक्त रूप १९२७ मध्ये दोन ठिकाणी उजेडात आले. लंडनमध्ये फिलिप व ग्रेस एगल्टन यांनी त्याला ‘फॉस्फाजेन’ म्हटले; हार्व्हर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते फॉस्फोक्रिएटीन असल्याचे सिद्ध केले. प्रथम प्रसिद्धीचा मान एगल्टन दांपत्याकडे जातो, पण पदार्थाची ओळख पटवण्याचे श्रेय फिस्के-सुब्बाराव यांचे मानणे अधिक न्याय्य. एटीपीची (पेशी थेट वापरते त्या ऊर्जावाहक रेणूची) भरपाई करणारा हा साठा कमाल जोराच्या कामात सुमारे दहा सेकंद पुरतो. जड वजनाच्या मोजक्या आवृत्त्यांचा काळ तेवढाच असतो. बाहेरून घेतलेल्या क्रिएटीनने स्नायूतला साठा वाढतो हे १९९२ मध्ये हॅरिस, सोडरलुंड व हुल्टमन यांनी दाखवले. रोज २० ग्रॅमने पाच-सहा दिवसांत जी पातळी गाठता येते, तीच रोज ३ ग्रॅमने सुमारे चार आठवड्यांत गाठता येते. त्यामुळे दिवसातल्या कोणत्याही वेळी घेतले तरी चालते. सरावाच्या वीस मिनिटे आधी घेण्याचा आग्रह निराधार आहे.

बीटा-ॲलानीनचेही तसेच. रोज सुमारे ३ ते ६ ग्रॅम, किमान चार आठवडे घेतल्यावर स्नायूत कार्नोसिन हे आम्लता शोषणारे द्रव्य वाढते व आम्लता काहीशी आटोक्यात राहते. एकदम घेतल्यास पंधरा-वीस मिनिटांत कान, चेहरा, हाताची पाठ येथे मुंग्या येतात. पुष्कळ लोक ‘माल लागू झाला’ याची खूण म्हणून त्या मुंग्यांची वाट पाहतात. ही केवळ त्वचेतील चेतातंतूंची प्रतिक्रिया आहे. तिचा ताकदीशी संबंध नाही.

कॅफीनची मात्रा दर किलोमागे ३ ते ६ मिग्रॅ., सुमारे तासभर आधी. त्याने मेद जास्त जळून ग्लायकोजेन वाचते, असे १९७० च्या दशकात मानत. आता मेंदूतील ॲडेनोसिनग्राहींना (थकव्याचा संदेश घेणाऱ्या ग्राहींना) रोखण्याचा परिणामच मुख्य धरतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० व दिवसात ४०० मिग्रॅ., तर गरोदरपणी दिवसात २०० मिग्रॅ. ही सुरक्षित मर्यादा दिली. ७० किलोच्या माणसाला दर किलोमागे ३ मिग्रॅ. म्हणजेच २१० मिग्रॅ.; क्रीडाशास्त्रातली मात्रा आणि सुरक्षिततेची मर्यादा अशी एकमेकींना भिडते. रक्तातले निम्मे कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळच्या सरावाआधीचा डोस झोपेला बाधतो.

नायट्रेट (३०० ते ६०० मिग्रॅ., २-३ तास आधी, बहुधा बिटाच्या रसातून) तोंडातील जंतूंमुळे नायट्राइटात व पुढे शरीरात रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडात बदलते. जंतुनाशकाने चूळ भरल्यास ही साखळी तुटते. बायकार्बोनेटमुळे पोट बिघडते. सिट्रुलीन या ॲमिनो आम्लाबाबतचे निष्कर्ष विखुरलेले आहेत.

मिश्र भुकट्या : या प्रकाराचा उगम १९८२ मध्ये झाला, असे लोकप्रिय लेखनात वारंवार येते; तथापि अमेरिकेत पूरकांचे नियम सैल करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानंतरच त्यांचा खरा प्रसार झाला, असे मानणे सुरक्षित. एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीचा अंश असलेल्या पूरकांवर तिथे २००४ मध्ये बंदी आली. त्यानंतर काही मिश्रणांत आलेले डीएमएए हे उत्तेजक मुळात नाक मोकळे करण्याचे औषध. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ते २०१० च्या निषिद्ध सूचीत घातले. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या नावाखाली अनेक घटकांचे एकत्रित वजन तेवढे छापले जाते व प्रत्येकाची मात्रा झाकली जाते. अशा लेबलावरून कॅफीन किती पोटात जाते हे कळत नाही, आणि एवढ्याच कारणासाठी ती भुकटी नाकारावी. २००४ मध्ये गायर व सहकाऱ्यांनी १३ देशांतली ६३४ पूरके तपासली, तेव्हा ९४ मध्ये लेबलावर नसलेली संप्रेरकपूर्व द्रव्ये (शरीरात संप्रेरकांत बदलणारी) आढळली. स्पर्धक खेळाडूने प्रत्येक उत्पादनगटाची स्वतंत्र तपासणी झालेलाच डबा घ्यावा. भुकटी पाण्याविना तोंडात टाकण्याची चालही धोक्याची आहे : ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि पुरा डोस एका घासात उतरतो. उच्च रक्तदाब किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी उत्तेजकयुक्त मिश्रणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.