वीज नसलेल्या घरातली गाणी: लेड झेपेलिनच्या हळव्या बाजूची पार्श्वभूमी

गिटारची सगळ्यात जाड तार दोन पूर्ण स्वर खाली उतरवायची. चौथी तार एक स्वर खाली आणि दुसरी अर्धा स्वर वर. बाकी तीन तारांना हात लावायचा नाही. मग डावा हात मांडीवर ठेवून नुसत्या मोकळ्या तारा छेडायच्या. कानावर येतं ते सा ध सा प सा ग. सहापैकी तीन तारा षड्जात लागलेल्या असतात. एक तार छेडली की तिच्या शेजारच्या आपोआप गुणगुणायला लागतात, आणि जाड तार इतकी सैल झालेली असते की तिचा खर्ज छातीला टेकलेल्या लाकडातून जाणवतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हा आवाज परका वाटत नाही. मी पहिल्यांदा अशा तारा लावल्या तेव्हा पुढचा अर्धा तास काहीही न वाजवता नुसता त्या छेडत बसलो होतो.

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेज याने 1970 साली 'फ्रेंड्स' आणि 'ब्रॉन-अर-आयर' या दोन रचनांसाठी तारा अशाच लावल्या होत्या. लेड झेपेलिन म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो बॉनमचा ड्रमवरचा घणाघात, गायक प्लांटची किंचाळी आणि भिंती हलवणारी इलेक्ट्रिक गिटार. ते सगळं खरं आहे आणि मला प्रियही आहे. पण या चौघांच्या संगीतात लाकडी गिटार, मँडोलिन, बँजो आणि जुनी लोकगीतं यांचा एक झरा पहिल्यापासून वाहत होता. तो कुठून आला, हे समजून घेतलं तर त्यांची गाजलेली गाणीही वेगळी ऐकू येतात.

सुरुवात करायची तर वेल्समधल्या एका घरापासून करावी. मखन्थ्लेथ गावाजवळच्या डोंगरात अठराव्या शतकातलं एक छोटं दगडी घर आहे, ब्रॉन-अर-आयर. रॉबर्ट प्लांट लहानपणी, 1950 च्या दशकात, आईवडिलांबरोबर सुट्टीला तिथे जायचा. 1970 च्या वसंत ऋतूपर्यंत बँडचे दोन वर्षांच्या आत अमेरिकेचे पाच दौरे झाले होते. दुसरा अल्बम तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. पाचव्या दौऱ्याच्या शेवटी प्लांटचा आवाज इतका बसला की अखेरचा कार्यक्रम रद्द करावा लागला. चौघेही थकले होते. तेव्हा प्लांटला ते घर आठवलं आणि त्याने पेजला तिथे नेलं. बरोबर प्लांटची बायको, छोटी मुलगी, पेजची मैत्रीण आणि मदतीला दोन माणसं होती.

घरात वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. पाणी ओढ्यावरून आणायचं, रात्री शेकोटी आणि मेणबत्त्या. अशा घरात अँप्लिफायर लावायचा तरी कुठे? म्हणून हाताशी होत्या त्या अकूस्टिक गिटारी आणि एक टेप रेकॉर्डर. एके दिवशी लांब फिरून येताना पेज आणि प्लांट एका घळीत विसावले, पेजने गिटार छेडायला घेतली, प्लांट गुणगुणू लागला आणि 'दॅट्स द वे'चा पहिला खर्डा तिथेच टेपवर उतरला. दोन मुलांची मैत्री मोठ्या माणसांना पसंत नसते, एवढंच त्या गाण्यात घडतं. प्लांट ते इतक्या हळू आवाजात गातो की तो हाच माणूस यावर विश्वास बसू नये.

पण नुसतं डोंगरातल्या घरात जाऊन बसल्याने लोकसंगीत येत नाही. ते आधीच अंगात असावं लागतं, आणि पेजच्या अंगात ते होतं. इथे दोन माणसांची नावं घ्यायलाच हवीत, कारण झेपेलिनच्या चाहत्यांमध्येही ती हवी तितकी घेतली जात नाहीत.

पहिला डेव्ही ग्रॅहम. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा इंग्लिश गिटारवादक मोरोक्कोत गेला, तिथल्या ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांच्या सुरात सूर मिळवायचा म्हणून त्याने तारा वेगळ्या लावल्या आणि ती पद्धत इंग्लंडच्या फोक, म्हणजे लोकसंगीताच्या, क्लबांत रुळली. आपल्या स्वरांत सांगायचं तर सा प सा म प सा. गंधारच नाही. त्यामुळे ती मोकळी तार-जुळणी ना आनंदी वाटते ना दुःखी, आणि वाजवणारा तिच्यावर हवा तो रंग चढवू शकतो. ग्रॅहमने अशा तारांवर वाजवलेली एक आयरिश चाल पेजने यार्डबर्ड्स या आधीच्या बँडमध्ये असताना 'व्हाइट समर' या नावाने बांधली. ती 1967 च्या 'लिटल गेम्स' अल्बममध्ये आहे. तीच तार-जुळणी पुढे 1975 च्या 'कश्मीर'मध्ये येते. म्हणजे झेपेलिनच्या सगळ्यात भारदस्त गाण्याचा पायासुद्धा फोक क्लबातला आहे.

दुसरा बर्ट यान्श, स्कॉटलंडचा. अ‍ॅन ब्रिग्ज नावाच्या गायिकेकडून त्याने 'ब्लॅकवॉटरसाइड' हे पारंपरिक गीत उचललं, त्याला स्वतःची गिटारची साथ रचली आणि 1966 मध्ये रेकॉर्ड केलं. जानेवारी 1969 मध्ये आलेल्या झेपेलिनच्या पहिल्या अल्बममध्ये 'ब्लॅक माउंटन साइड' नावाची दोन मिनिटांची रचना आहे. ती यान्शच्या साथीवर इतकी उघडपणे बेतलेली आहे की दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर शंका उरत नाही. अल्बमवर नाव मात्र एकट्या पेजचं. त्याच अल्बममधलं 'बेब आय'म गॉना लीव्ह यू' पेजने जोन बाएझ या अमेरिकन गायिकेच्या रेकॉर्डवरून घेतलं होतं. ते पारंपरिक समजलं गेलं, पण मूळ रचना होती अ‍ॅन ब्रेडन या बाईंची, आणि त्यांचं नाव त्यावर लागायला 1990 साल उजाडलं.

हे मला खटकतं आणि ते लपवून या संगीतावर प्रेम करता येणार नाही. लोकगीत हातोहाती जातं, बदलतं, हे मान्य. पण ज्याच्या हातून आलं त्याचं नाव सांगणं हीही त्या परंपरेतलीच रीत आहे. आपल्याकडे तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' असतंच.

'ब्लॅक माउंटन साइड'वर तबला आहे. तो वाजवलाय विराम जसानी यांनी. गिटार जवळजवळ सरोदसारखी तुटक बोलते आणि तबला तिला उचलून धरतो. पहिल्याच अल्बममध्ये, जिथे सगळा बाज ब्लूजचा आहे, तिथे या दोन मिनिटांची जागा राखलेली होती, हे महत्त्वाचं.

तर अशी शिदोरी असलेला पेज 1970 मध्ये वेल्सहून परतला आणि तिसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं. त्यातलं काही काम हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या, ओलसर इमारतीत झालं. ती 1795 मध्ये निराधारांसाठी बांधलेली. ऑक्टोबर 1970 मध्ये 'लेड झेपेलिन थ्री' बाजारात आला. पहिलं गाणं 'इमिग्रंट साँग', म्हणजे चढाईची आरोळीच. पण रेकॉर्ड उलटली की दुसरी बाजू जवळजवळ सगळी लाकडाच्या आवाजाची.

त्या बाजूची सुरुवात 'गॅलोज पोल'ने होते. मूळ लोककथागीत युरोपात शेकडो वर्षं फिरत आलेलं आहे. फाशीच्या फळीवर उभी असलेली व्यक्ती फाशी देणाऱ्याला थांबवते, कारण कोणीतरी नातलग सोडवायला येतोय. लेडबेलीने ते अमेरिकेत गायलं, फ्रेड गर्लाकने बारा तारांच्या गिटारवर, आणि पेजपर्यंत ते गर्लाककडून आलं. जुन्या पाठांत बहुधा शेवटी प्रियकर येऊन सुटका करतो. झेपेलिनच्या पाठात फाशी देणारा चांदी घेतो, सोनं घेतो, सगळं घेतो आणि तरीही फासावर चढवतो. रचना ऐकण्यासारखी आहे: आधी एकटी गिटार, मग मँडोलिन, मग बास, मग ड्रम, आणि मग पेजचा बँजो. बँजो त्याने त्याआधी कधी हातात धरला नव्हता. एकेक वाद्य येतं तशी लय चढत जाते आणि फास आवळत जातो. या गाण्यात इलेक्ट्रिक गिटारचा जोर नसतानाही जो ताण आहे, तो त्यांच्या कित्येक गोंगाटी गाण्यांत नाही, असं माझं मत आहे.

त्याच बाजूवर 'ब्रॉन-यर-ऑर स्टॉम्प' आहे. कव्हरवर घराचं नाव चुकीच्या स्पेलिंगने छापलं गेलं, म्हणून उच्चार करतानाही लोक गोंधळतात. हे गाणं प्लांटच्या कुत्र्यावर आहे, आणि बॉनम, तोच घणाघाती बॉनम, त्यात चमचे वाजवतो. शेवटचं गाणं रॉय हार्पर या फोक गायकाला केलेला मुजरा. आणि कव्हरवर त्या पडक्या घराचेही आभार मानलेले आहेत.

अल्बम ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला, पण समीक्षक चक्रावले. क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या त्रिकुटाचा अल्बम 1969 मध्ये गाजला होता, तेव्हा झेपेलिनने त्यांचं बघून लाकडी गिटारी हाती घेतल्या, असा आरोप झाला. पेजला हे लागलं, आणि पुढे बराच काळ त्याने वृत्तपत्रांशी बोलणं टाळलं. यान्श आणि ग्रॅहमचा वर सांगितलेला इतिहास ठाऊक असता तर हा आरोप टिकलाच नसता.

चौथा अल्बम नोव्हेंबर 1971 मध्ये आला, आणि त्यात या झऱ्याचं सगळ्यात खोल पाणी आहे. हेडली ग्रेंजमध्ये एका रात्री बँडचा बासवादक जॉन पॉल जोन्स याची मँडोलिन पडलेली होती. पेजने ती उचलली आणि बोटं फिरवता फिरवता 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'ची चाल निघाली. प्लांट तेव्हा स्कॉटिश युद्धांबद्दल वाचत होता, त्यातून शब्द आले. गाण्यात प्रसंग सांगणारा एक आवाज हवा होता आणि त्याला नगरातून उत्तर देणारा दुसरा. हा दुसरा आवाज सँडी डेनीचा. ती फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडची पूर्वीची गायिका, इंग्लिश लोकगीतांना रॉकच्या मंचावर मानाने बसवणारी. झेपेलिनच्या कुठल्याही अल्बममध्ये पाहुणी म्हणून गाणारी ती एकटीच. त्या अल्बमवर चौघांनी आपापली चिन्हं छापली होती. सँडीलाही स्वतंत्र चिन्ह मिळालं, तीन त्रिकोणांचं. गाण्यात ड्रम नाहीत. मँडोलिनची सतत थरथर आणि वर दोन आवाज, एक दुसऱ्याला हाक घालणारा. सँडीचा आवाज वर चढतो तेव्हा प्लांटचा आवाज तिच्यासमोर मवाळ होतो, आणि मला ते फार आवडतं.

त्याच अल्बममध्ये 'गोइंग टू कॅलिफोर्निया' आहे, जोनी मिचेलच्या ओढीने लिहिलेलं. आणि 'स्टेअरवे टू हेवन' आहेच. ते इतकं ऐकून झालंय की त्यातली सुरुवात कानाआड होते. एकदा मुद्दाम ऐकावी: अकूस्टिक गिटार आणि जोन्सच्या रेकॉर्डर बासऱ्या, जुन्या दरबारी संगीतासारख्या. ड्रम येतात ते चार मिनिटं उलटून गेल्यावर. ही फोकची चौकट काढून घेतली तर शेवटच्या उसळीला उभं राहायला जमीनच उरत नाही.

मंचावर हे सगळं करणं सोपं नव्हतं. 1970 पासून ते कार्यक्रमाच्या मध्यावर खुर्च्या मांडून बसत आणि तीन-चार गाणी शांतपणे गात. लोक आलेले असत दणदणाटासाठी. प्लांटला कधी कधी प्रेक्षकांना गप्प राहायला सांगावं लागे. तरीही त्यांनी हा भाग काही वर्षं जपला, मध्ये सोडला आणि मे 1975 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टातल्या पाच रात्रींसाठी पुन्हा आणला.

या कथेत मुंबईही येते. 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत उतरले आणि इथल्या वादकांबरोबर स्टुडिओत बसले. त्यांनी निवडलेली दोन गाणी होती 'फोर स्टिक्स' आणि 'फ्रेंड्स'. म्हणजे त्यातलं एक सा ध सा प सा ग लावलेलं. ते मुद्रण चाळीसहून अधिक वर्षं पडून होतं आणि 2015 मध्ये 'कोडा' या त्यांच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. त्यात तबला आणि तंतुवाद्यं 'फ्रेंड्स'ला ज्या सहजतेने भिडतात, ते ऐकताना कुठेही ठिगळ दिसत नाही. चाल आधीपासूनच षड्ज धरून बसलेली होती. तिला फक्त घरचे लोक भेटले.

वेल्समध्ये सुचलेली 'ब्रॉन-अर-आयर' ही एकट्या गिटारची रचना 1970 मध्येच रेकॉर्ड झाली होती, पण ती पाच वर्षांनी 'फिजिकल ग्राफिटी' या अल्बममध्ये आली. दोन मिनिटं सहा सेकंद, त्यांची स्टुडिओतली सर्वांत छोटी रचना. शब्द नाहीत, ठेका नाही.

'एव्हरमोर' 1977 च्या दौऱ्यात मंचावर गायलं गेलं तेव्हा सँडीच्या ओळी जोन्सने म्हटल्या. त्याने इमानाने गायलं, पण तो आवाज सँडीचा नव्हता. एप्रिल 1978 मध्ये सँडी डेनी गेली. वय 31. पुढे 1994 मध्ये पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले, पुन्हा वेल्सच्या डोंगरात जाऊन गायले, आणि 'एव्हरमोर'साठी दुसरा आवाज शोधायची वेळ आली. या वेळी सँडीच्या जागी उभी राहिली नजमा अख्तर, भारतीय वंशाची, गझल गाणारी ब्रिटिश गायिका. तिने त्या ओळी सँडीसारख्या म्हटल्या नाहीत. जिथे सँडी सरळ उंच जाते, तिथे नजमा मींड घेत वर चढते.