३५ टक्के पगारवाढ कुठे जाते?

बदलीचं पत्र घरी आलंय. राज्य तेच, काम तेच, फक्त शहर मोठं आणि पगार ३५ टक्क्यांनी जास्त. रात्री मुलं झोपली की नवराबायको वही घेऊन बसतात. आजचं उत्पन्न १०० धरलं तर तिकडचं १३५. घरभाडं, शाळा, जाणंयेणं, औषधपाणी, एकेक आकडा खाली उतरत जातो. तासाभराने पान भरतं. तो म्हणतो आपण फायद्यात आहोत, ती म्हणते तोट्यात. आणि बेरीज दोघांचीही बरोबर असते.

ही दोन उत्तरं कुठून येतात ते समजून घेण्यासारखं आहे. शहराशहरांतलं राहणीमान ताडून पाहणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांनाही गेली दीडशे वर्षं हाच पेच पडत आला आहे.

सुरुवातीलाच एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. ग्राहक किंमत निर्देशांक शहरवार प्रसिद्ध होत असेल तर तो पाहून लोक निष्कर्ष काढतात: या शहराचा १८०, त्या शहराचा १६५, म्हणजे हे शहर महाग. तसं मुळीच नसतं. या निर्देशांकात प्रत्येक शहराची आधारवर्षातली पातळी १०० मानलेली असते. म्हणजे त्या शहरात तेव्हापासून भाव किती चढले एवढंच तो सांगतो. एक मुलगा पहिलीपासून आतापर्यंत किती पट वाढला यावरून तो शेजारच्या मुलापेक्षा उंच आहे का हे कसं कळणार? स्वस्त शहराचा निर्देशांक वेगाने चढलेला असू शकतो आणि तरीही ते शहर स्वस्तच असू शकतं. अमेरिकेचा श्रम सांख्यिकी विभाग शहरवार आकडे देताना हा इशारा स्वतःच देतो. एकाच वेळी दोन ठिकाणच्या भावांची पातळी ताडायची तर वेगळं मोजमाप लागतं. तिथल्याच आर्थिक विश्लेषण विभागाने राज्यं आणि महानगरांसाठी असं मोजमाप २०१४ पासून अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली.

आता वहीकडे वळू. समजा, लहान शहरात हे कुटुंब १०० पैकी २० घरभाड्यावर आणि ८० बाकी सगळ्यावर खर्च करतं. मोठ्या शहरात तेवढ्याच जागेला तिप्पट भाडं पडतं आणि बाकीच्या गोष्टी त्याच भावात मिळतात. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मी मनाने घेतले आहेत. तिचा प्रश्न असा: आज जसे राहतो तसंच तिकडे राहायचं तर किती लागतील? भाड्याचे ६० आणि बाकीचे ८०, एकूण १४०. पगार १३५. तोटा.

तो दुसऱ्या टोकाने जातो. तिकडचे लोक कसे राहतात? निम्म्या जागेत. त्यांच्या १०० मधले ३० भाड्याला जातात आणि ७० बाकी खर्चाला. तेवढंच घर आणि तेवढ्याच वस्तू लहान शहरात घेतल्या तर भाड्याला १० आणि बाकीला ७०, म्हणजे ८० मध्ये भागलं असतं. १०० ला ८० ने भागलं की १.२५ येतं. मोठं शहर २५ टक्क्यांनीच महाग, पगार मात्र ३५ टक्क्यांनी जास्त. फायदा!

तिची रीत १८७१ साली एतिएन लास्पेयर यांनी मांडली, त्याची १८७४ साली हेर्मान पाशे यांनी. दोघेही जर्मन अर्थतज्ज्ञ. लास्पेयर यांच्या रीतीत माणूस नव्या ठिकाणी जाऊनही सवयी तसूभर बदलत नाही, म्हणून खर्च फुगलेला दिसतो. पाशे यांच्या रीतीत माणसाने आधीच मन मारून लहान घर स्वीकारलेलं असतं आणि त्या स्वीकारलेल्या राहणीवरून महागाई मोजली जाते, म्हणून ती कमी दिसते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९२२ मध्ये या दोहोंचा भौमितिक मध्य, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, घेणं सगळ्यात चांगलं असा आग्रह धरला. आपल्या उदाहरणात तो साधारण १३२ येतो. म्हणजे नवरा थोडक्यात जिंकला म्हणायचं. पण मला हा तोडगा पुरता पटत नाही. निम्म्या घरात मुलांना अभ्यासाला कोपरा उरत नाही, आलेल्या पाहुण्याला झोपायला जागा उरत नाही. हे नुकसान कुणाला किती सलतं हे घराघरावर ठरतं. रशियन अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर कोन्यूस यांनी १९२४ मध्ये खरा प्रश्न नेमका पकडला होता: पूर्वीइतकंच समाधान मिळायला आता किती पैसे लागतील? प्रश्न अचूक आहे, फक्त समाधान मोजायची फूटपट्टी बाजारात मिळत नाही.

मी उदाहरणात फक्त भाडंच महाग ठेवलं, ते उगाच नाही. एकाच राज्यातल्या शहरांमध्ये कायदे आणि बरेचसे कर सारखे असतात, ट्रक रातोरात इकडचा माल तिकडे नेतो. भावात मोठी तफावत पडली की कुणीतरी स्वस्त गावाहून माल उचलून महाग गावात विकतो आणि तफावत आटते. जमीन उचलून नेता येत नाही. म्हणून दोन शहरांच्या खर्चातला सगळ्यात मोठा फरक घराच्या भाड्यात साचतो. त्याखालोखाल सेवा येतात. केस कापायला मोठ्या शहरातही तेवढीच मिनिटं लागतात, तरी तिथे दर जास्त असतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये, स्वतंत्रपणे, याचं कारण देशांच्या संदर्भात मांडलं, ते शहरांनाही लागू पडतं. ज्या शहरात कारखाने आणि कंपन्या जास्त उत्पादक असतात तिथे मजुरी चढते. केशकर्तनालयाला माणूस टिकवायचा तर त्यालाही तेवढी मजुरी द्यावी लागते, मग कात्रीचा वेग वाढलेला असो वा नसो.

भाडं मोजणंही वाटतं तितकं सोपं नाही. भाव टिपायला निघालेल्या कर्मचाऱ्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असतं: दोन खोल्या, ५०० चौरस फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत वीस वर्षांची. असं घर त्याला एका शहरात सापडतं. दुसऱ्या शहरात नेमकं तसं घर नसतंच. जे असतं ते सातव्या मजल्यावर, लिफ्टचं, नव्या इमारतीतलं. मग संख्याशास्त्रज्ञ हजारो घरांची माहिती घेऊन लिफ्टपोटी भाडं किती वाढतं, इमारत जुनी असल्याने किती उतरतं, हे वेगवेगळं काढतात आणि एकसारख्या काल्पनिक घराचं भाडं दोन्ही शहरांत मांडतात. यातही एक बारकावा राहतोच. शहराच्या सरासरी भाड्यात दहा-दहा वर्षं एकाच घरात राहणारे जुने भाडेकरूही धरलेले असतात आणि त्यांचं भाडं सहसा कमी असतं. बदली होऊन येणाऱ्याला ते भाडं कुणी देत नाही. त्याला आज जाहिरातीत असलेलाच आकडा मोजावा लागतो. आणि ज्याचं स्वतःचं, कर्ज फिटलेलं घर त्याच शहरात आहे त्याला भाड्याची तिप्पट कधी जाणवतच नाही. राष्ट्रीय हिशेबात अशा घरमालकाने स्वतःलाच भाडं दिलं असं मानून ती रक्कम धरतात. एकाच शहरात एकाच पगाराची दोन कुटुंबं इतक्या वेगळ्या महागाईत राहतात, म्हणून ‘हे शहर महाग’ या वाक्याला ‘कुणासाठी?’ हा प्रश्न जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

उत्पन्नाच्या बाजूलाही सरासरी फसवते. दहा घरांपैकी नऊ घरांत ४० आणि एका घरात ६४० येत असतील तर सरासरी १०० निघते. त्या गल्लीत १०० कमावणारं एकही घर नाही! म्हणून मध्यक पाहावा. घरं उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली तर मधोमध येणारा आकडा, इथे ४०. माणसांची संख्याही धरावी लागते. चौघांच्या घरात ९० येतात, दोघांच्या घरात ७०. सुस्थितीत कोण? चार माणसांना दोघांच्या दुप्पट खर्च लागत नाही, कारण स्वयंपाकघर एकच असतं, दिवा एकच जळतो. त्यामुळे उत्पन्नाला सरळ माणसांच्या संख्येने न भागता तिच्या वर्गमुळाने भागायची पद्धत आहे. ९० भागिले २ म्हणजे ४५, ७० भागिले १.४१ म्हणजे जवळपास ५०. दोघांचं घर पुढे निघतं. शहराची हद्द कुठे आखली यानेही आकडे हलतात. श्रीमंत उपनगर हद्दीबाहेर राहिलं की शहर गरीब दिसतं.

या सगळ्या गुंत्यातून सुटायला एक जुना ठोकताळा वापरला जातो. सॅक्सनी या जर्मन राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. कुटुंब जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, हे त्यांना दिसलं. दोन शहरांत अन्नाचा वाटा सारखा असेल तर राहणीमानही सारखं असावं, असा त्यावरून तर्क करता येतो. पण शहरांच्या बाबतीत तो जपून वापरायला हवा. भाडं द्यायलाच हवं म्हणून कुणी पोटाला चिमटा काढत असेल, तर अन्नाचा वाटा कमी होतो आणि ते कुटुंब कागदावर सुखवस्तू दिसतं.

भाड्याचं उत्पन्नाशी प्रमाण पाहणंही असंच तोकडं पडतं. अमेरिकेत अनुदानित घरांसाठी १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्के भाडं ही मर्यादा आली, १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली, आणि पुढे तीच ‘परवडणारं घर’ या शब्दांची व्याख्या होऊन बसली. पण ३० कमावणाऱ्याकडे भाडं देऊन २१ उरतात, ३०० कमावणाऱ्याकडे २१०. प्रमाण दोघांचं एकच. संसार उरलेल्यावर चालतो, म्हणून मी उरलेलाच आकडा पाहीन.

मग लोक महाग शहरात जातात तरी का? अर्थतज्ज्ञ शर्विन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि अर्थतज्ज्ञ जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये याचं जे उत्तर दिलं ते मला फार आवडतं. माणसं मोकळेपणाने इकडून तिकडे जाऊ शकत असतील, तर भाडं आणि पगार यांच्या तफावतीतूनच त्या शहराची न दिसणारी किंमत वाचता येते. पगार बेताचा असूनही भाडं चढं असेल तर तिथे पैशापलीकडचं काहीतरी आहे: स्वच्छ हवा, चांगली रुग्णालयं, बाईमाणसाला रात्री एकटीने घरी येता येणं. पगार भरपूर आणि तरी भाडं कमी असेल, तर लोक काहीतरी सोसण्याचा मोबदला घेत आहेत. वही घेऊन बसलेल्या त्या बायकोला मोठ्या शहरात स्वतःला नोकरी मिळते की आहे ती सुटते, यावर तर सगळं पान पुन्हा लिहावं लागेल, कारण पत्रात एकाचाच पगार आहे.

वहीत एक ओळ बहुतेकदा कोरी राहते, वेळेची. आज कामावर जायला २० मिनिटं लागतात, तिकडे सव्वा तास लागेल. महिन्याचे २५ दिवस आणि २०० तास काम धरलं तर जाऊनयेऊन प्रवासासह आज महिन्याला सुमारे २१७ तास जातात, तिकडे २६२ जातील. म्हणजे नोकरीपायी घराबाहेर जाणारा वेळ २१ टक्क्यांनी वाढला. पगाराला या तासांनी भागलं की ३५ टक्क्यांची वाढ ११ टक्क्यांवर येते, आणि भाडं अजून त्यात धरलेलंच नाही.