जँगोच्या चाचण्यांमधील ट्रान्झॅक्शनच्या चुका

जँगो या पायथनवरील वेब फ्रेमवर्कमध्ये स्वयंचलित चाचण्या चालवताना येणाऱ्या डेटाबेस चुकांचा एक गट. चाचणी ज्या ओळीवर कोसळते ती ओळ बहुधा निर्दोष असते, खरा घोटाळा तिच्या आधीच होऊन गेलेला असतो.

जँगोचा 'टेस्टकेस' वर्ग प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे पक्के होईल किंवा काहीच नाही, असा डेटाबेसच्या कामांचा गट) गुंडाळतो आणि शेवटी रोलबॅक करतो, म्हणजे झालेले बदल मागे घेतो. टेबले रिकामी करत बसावे लागत नाही, त्यामुळे वेळ वाचतो. अडचणही या गुंडाळण्यातूनच येते. समजा, एकच ईमेल दोनदा नोंदवता येत नाही हे तपासायचे आहे. दुसरी नोंद अपेक्षेप्रमाणे 'इंटिग्रिटी एरर' (डेटाबेसचा नियम मोडल्याची चूक) देते, चाचणी ती झेलते आणि पुढच्या ओळीत एकूण नोंदी मोजायला जाते. तिथे 'ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट एरर' येतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस एक विधान (त्याला दिलेली एक आज्ञा) फसले की सगळे ट्रान्झॅक्शन बाद धरतो आणि रोलबॅक होईपर्यंत पुढची क्वेरी घेत नाही. जँगोही आवृत्ती १.६ (२०१३) मध्ये आलेल्या, कोडचा भाग एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणाऱ्या 'अ‍ॅटॉमिक' ब्लॉकवर तशीच खूण करतो, म्हणून एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवरही हाच अनुभव येतो. प्रत्यक्ष साइटवर मात्र मुळात ऑटोकमिट (प्रत्येक विधान लगेच कमिट, म्हणजे पक्के, होणे) असल्याने तोच कोड बिनबोभाट चालतो. नवख्याची झोप उडते ती इथे.

उपाय छोटा आहे: फसणारे विधान तेवढे आतल्या 'अ‍ॅटॉमिक' ब्लॉकमध्ये ठेवायचे. त्याने सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनच्या आतली खूण) तयार होतो आणि तिथपर्यंतच मागे फिरता येते. चूक झेलणारा 'ट्राय' बाहेर, 'अ‍ॅटॉमिक' आत. उलट रचनेत ब्लॉकमधलीच पुढची क्वेरी अडते.

गप्प बसणाऱ्या चुका जास्त घातक. 'सिलेक्ट फॉर अपडेट' (बदलायच्या नोंदी कुलूपबंद करून वाचणे) ट्रान्झॅक्शनबाहेर वापरले तर पोस्टग्रेसवर जँगो चूक दाखवतो. पण टेस्टकेसचे ट्रान्झॅक्शन भोवती असतेच, त्यामुळे चाचणी पास आणि साइट नापास. 'ऑन कमिट'ला जोडलेले काम, उदाहरणार्थ ईमेल पाठवणे, चाचणीत होतच नाही, कारण कमिट कधी येतच नाही. आवृत्ती ३.२ (२०२१) पासून ही कामे पकडून चालवण्याची सोय टेस्टकेसमध्ये आहे. पोस्टग्रेसचे सीक्वेन्सही (नोंदींना क्रमांक देणारे गणक) रोलबॅकने मागे जात नाहीत. पहिल्या नोंदीचा क्रमांक १ असेल असे धरणारी चाचणी आज ना उद्या फसते.

खरे कमिट हवेच असेल तर 'ट्रान्झॅक्शन टेस्टकेस' वापरतात. तो चाचणीनंतर टेबले रिकामी करतो, म्हणून संथ. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमसाठीचा 'लाइव्ह सर्व्हर टेस्टकेस' त्यावरच बेतलेला आहे. तिथे सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्रॅममधल्या समांतर धाग्यात) चालतो, आणि दुसऱ्या कनेक्शनला कमिट न झालेला डेटा दिसत नाही. रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कने हाच तिढा आवृत्ती ५.१ (२०१७) मध्ये थ्रेडमध्ये एकच कनेक्शन वाटून सोडवला; त्याआधी तिकडे 'डेटाबेस क्लीनर' हे जेम (रूबीचे पॅकेज) वापरण्याचा प्रघात होता.