वजनाच्या ऑपरेशननंतर दारू कमी चढते?

बरेच दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, की वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर पोट छोटं होतं म्हणून दारू कमी जाते आणि कमीच चढते. ऐकायला पटतं, कारण जेवण खरंच कमी होतं, अर्धी वाटी वरण संपवायलाही वेळ लागतो. पण दारू चावावी लागत नाही ना!

बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, वजनाच्या ऑपरेशनचा एक प्रकार, यात पोटाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) पोटाची पिशवी साधारण ३० मिली उरते, म्हणजे एका स्मॉल पेगएवढी. दारू तिथे थांबतच नाही, सरळ लहान आतड्यात उतरते आणि तिथून झपाट्याने रक्तात जाते, त्यामुळे नशा लवकर, जास्त आणि उशिरापर्यंत. स्लीव्हमध्येही (दुसरा प्रकार, यात पोटाचा मोठा भाग कापून नळीसारखं पोट ठेवतात) हा धोका आहेच. शिवाय रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते, आणि घाम, थरथर, बडबड बघून घरच्यांना वाटतं चढलीय, आणि खायला द्यायचं राहून जातं. मला याचीच जास्त काळजी वाटते.

बायपासनंतर दारूचं व्यसन लागायचा धोकाही वाढतो, आणि तो बरेचदा दुसऱ्या वर्षापासून दिसतो, म्हणजे सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना.

खात्री करायची तर पिऊन बघू नका प्लीज. डिस्चार्जच्या कागदावर ऑपरेशनचा प्रकार बघा, डाएटचा तक्ता वाचा, आणि पुढच्या फॉलोअपला सर्जनना सरळ विचारा.