शिष्यवृत्त्या, लोकसहभागी पर्यावरणीय आरोग्य-संशोधनाच्या (बडोदे)

हवा, पाणी, सांडपाणी, चुलीचा धूर यांचा वस्तीच्या प्रकृतीवर होणारा परिणाम त्या वस्तीलाच बरोबर घेऊन अभ्यासणाऱ्या पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य. बडोद्यात ते बहुधा सर्वसाधारण संशोधन-अधिछात्रवृत्त्यांतून (फेलोशिपांतून) येते.

या संशोधनपद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे तिचे मूळ मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या कृतिसंशोधनात (प्रत्यक्ष बदल घडवीत केलेल्या अभ्यासात) आहे. दुसरे मत ते लॅटिन अमेरिकेत शोधते : ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांचे प्रौढशिक्षण, समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांचे कोलंबियातील शेतकऱ्यांमधले काम आणि १९७७ ची कार्ताहेना (कोलंबिया) येथील कृतिसंशोधनविषयक परिषद. राजेश टंडन यांनी १९८२ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ‘प्रिया’ (पार्टिसिपेटरी रिसर्च इन एशिया) ही संस्था या दुसऱ्या धारेला जवळची. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यक्षेत्रात पद्धतीचे ‘लोकसहभागी संशोधन’ हे आजचे नाव रुळले ते साधारणपणे १९९० नंतर, आणि तेथील लेखक दोन्ही धारांचा उल्लेख करतात. लेविनप्रणीत कामात प्रश्न पुष्कळदा संशोधक किंवा संस्था ठरवते. दुसऱ्या धारेत तो वस्तीतून येतो. पर्यावरणीय आरोग्यापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पाण्याचा रंग कोणत्या वारी, किती वाजता बदलतो हे काठावर राहणाऱ्याला नमुने घेणाऱ्याच्या आधी ठाऊक असते.

बडोद्यातील शिष्यवृत्तीची परंपरा संस्थानी आहे. तिसरे सयाजीराव गायकवाड (कार. १८७५–१९३९) यांच्या दरबाराने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तिला आजच्या आरोग्य-संशोधनाची पूर्वपीठिका म्हणणे ओढूनताणून होईल. करारातील अट मात्र तुलनेला उपयोगी पडते : पैसे कोणाचे आणि देणे कोणाचे, हे तीत स्पष्ट होते. आजच्या अधिछात्राचा प्रगती-अहवाल मार्गदर्शक व विभागामार्फत वर जातो. तो वस्तीत वाचून दाखवावा, अशी अट सहसा नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रु. (पहिली दोन वर्षे) व नंतर ४२,००० रु. आहे, घरभाडे भत्ता वेगळा. गुजरात शासनाच्या ‘शोध’ योजनेत पीएच.डी. विद्यार्थ्याला दरमहा १५,००० रु. व वर्षाला २०,००० रु. आनुषंगिक खर्च (साहित्य, प्रवास इ. किरकोळ खर्चासाठीची रक्कम) दोन वर्षे मिळतो. अडचण मासिक रकमेत कमी, आनुषंगिक खर्चात जास्त. आयोगाकडून विज्ञानशाखेला त्यासाठी पहिली दोन वर्षे वार्षिक १२,००० रु. मिळतात. बाटल्या, गाळणकागद, जड धातूंची चाचणी, रिक्षाभाडे आणि मुलाखतींना सोबत करणाऱ्या वस्तीतल्या बाईचे मानधन इतक्यात बसवायचे म्हणजे मानधनालाच कात्री लागते. ही पद्धत कागदावर लोकसहभागी राहून प्रत्यक्षात नेहमीची पाहणी होते ती बहुधा येथेच.

संमतीचा मुद्दाही नाजूक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सरपंच वा पुढाऱ्याची परवानगी वैयक्तिक संमतीची जागा घेऊ शकत नाही. संमतिपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लागते. शहरात ते गुजरातीत काढून भागते. दांडिया बाजारातील जुन्या मराठी घरात आजीला तोंडी मराठीत समजावून द्यावे लागते.

अभ्यासविषय शहराभोवतीच आहेत. पावागढात उगम पावणाऱ्या विश्वामित्रीला शहरातील भूखी, रूपारेल या कांसा (पावसाळी ओढे) मिळतात. उत्तरेस नंदेसरीची रासायनिक वसाहत आहे. प्रक्रिया केलेले औद्योगिक सांडपाणी सुमारे ५६ किमी. लांबीच्या नाल्याने पाद्रा व जंबुसर तालुक्यांतून खंभातच्या आखाताकडे नेले जाते (१९८३ पासून). महाराजा सयाजीराव विद्यापीठ (१९४९) व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरातच असून व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था अहमदाबादेत आहे.