तंबाखूच्या पानावरचे ठिपके : ओझोन आणि वनस्पतींच्या जनुकांची पार्श्वभूमी

1950 च्या दशकात अमेरिकेच्या कनेक्टिकट खोऱ्यात सिगारच्या वेष्टनासाठी तंबाखू पिकवणारे शेतकरी एका दुखण्याने हैराण झाले होते. जून पानांच्या वरच्या बाजूस बारीक ठिपके उमटत आणि पुढे पांढुरके पडत. वेष्टनाला डागविरहित पानच लागत असल्याने मालाचा भाव पडे. दोष हवामानाच्या माथी मारून या रोगाला ‘वेदर फ्लेक’ हे नाव पडले. हवामानाचा त्यात हात होताच, पण आडून. कारण सूर्यप्रकाशात वाहनांच्या धुरातील घटकांपासून ओझोन तयार होतो, आणि तोच या ठिपक्यांचे कारण असल्याचे हॉवर्ड हेगेस्टॅड व जॉन मिडलटन यांनी 1959 मध्ये दाखवले.

शेजारशेजारच्या सगळ्याच झाडांची पाने सारखी डागाळत नव्हती, आणि जनुकांचा प्रश्न इथूनच सुरू झाला. मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे निवडलेला ‘बेल-डब्ल्यू 3’ हा तंबाखूचा वाण ओझोनला इतका नाजूक निघाला की हवा तपासण्यासाठी तो देशोदेशी लावला गेला. त्याचा सोशिक जोडीदार ‘बेल-बी’. ओझोन पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आत शिरतो आणि पेशीभित्तिकेपाशी त्याचे विघटन होऊन क्रियाशील ऑक्सिजन, म्हणजे पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची रूपे, निर्माण होतो, एवढे दोन्ही वाणांत सारखेच घडते. मात्र ओझोन थांबल्यावर काही तासांनी ‘बेल-डब्ल्यू 3’ स्वतःच अशा ऑक्सिजनची दुसरी लाट उठवतो, असे 1998 मध्ये दिसून आले. रोगजंतूला कोंडण्यासाठी झाड स्वतःच्या पेशी मारते, त्याच यंत्रणेशी हे मिळतेजुळते आहे. म्हणजे डाग बऱ्याच अंशी झाडाने स्वतःच पाडलेला असतो. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित वळण हेच.

जनुकांची नावे मात्र मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या रोपट्याकडून कळली, आणि तीही दुबळ्या रोपांमुळे. 1996 मध्ये ओझोनने चटकन करपणाऱ्या एका उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) रोपात क्रियाशील ऑक्सिजनला निष्प्रभ करणारे क-जीवनसत्त्व नेहमीच्या सुमारे 30 टक्केच आढळले, तर 2008 मध्ये अशाच शोधातून पर्णरंध्रे मिटण्यास आवश्यक असलेले ‘स्लॅक 1’ हे जनुक हाती आले. त्याच वर्षी जपानी ‘निप्पोनबारे’ आणि भारतीय ‘कासालथ’ या भातांच्या संकरित वंशावळीतून ओझोन सोसण्याशी निगडित गुणसूत्र-भाग ओळखले गेले, आणि हा शोध तंबाखूच्या शेतातून भाताच्या खाचरात आला.